पणजीचे वडील सापडले ते मातामहाच्या नोंदीतून

आजोबांच्या आईचं माहेर वाईचं, एवढंच घरात ठाऊक होतं. तिचे वडील म्हणून दोन नावं सांगितली जायची: लग्नाच्या मोडी यादीतलं एक आणि आत्याआजी सांगायची ते दुसरं.

नाशिकला रामकुंडावर तीर्थोपाध्यायांकडे, म्हणजे तीर्थावरच्या पुरोहितांकडे, आमच्या कुळातून आलेल्यांच्या नोंदींची वही आहे. पहिल्या खेपेला मी पणजीचंच नाव शोधत बसलो. सासरचं नाव मिळालं, 'अमक्याची पत्नी', बस. बायकांचं माहेर तिथे सहसा लिहिलेलंच नसतं, याचं फार वाईट वाटलं.

वाट गुरुजींनी दाखवली. "आजोबांनी इथे श्राद्ध केलंय ना? मग मातामह बघा." तीर्थावरच्या श्राद्धात मातामहाला, म्हणजे आईच्या वडिलांनाही पिंड असतो, त्यामुळे मुलाला ते नाव सांगावंच लागतं. आजोबांच्या सहीखाली ते होतं, आणि ते आत्याआजीचंच निघालं!

मग त्या आडनावाची, वाईची वही उघडली. शके १८१९, म्हणजे १८९७-९८. पुण्याकडे प्लेगने कहर केला तो काळ. पणजीच्या वडिलांच्या अस्थी घेऊन आलेल्या त्यांच्या मेव्हण्याने खाली लिहिलं होतं, 'मागे कन्या एक, वय ६'. त्या मेव्हण्याचं नाव यादीतलंच. मामाने भाचीचं कन्यादान केलं होतं.

मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नसतो, म्हणून दोन्ही नावं जाणकाराकडून वाचून घेतली. आता वंशावळीत तिच्या नावावर वडील आहेत, शेजारी मामाही.