मध्ययुगीन इस्लामी भांडी बघताना या चुका टाळा

२००८च्या जानेवारीत इंग्लंडमधल्या सॉमरसेट परगण्यातल्या एका लहानशा लिलावघरात एक जग विक्रीला आला. यादीत नोंद होती : एकोणिसाव्या शतकातला फ्रेंच वाइनचा जग, अंदाजे किंमत १०० ते २०० पौंड. बोली थांबली ती २ लाख २० हजारांवर. कारण तो जग काचेचा नव्हताच. कैरोवर फातिमी खलिफांचं राज्य असताना, म्हणजे साधारण हजार वर्षांपूर्वी, एका अखंड स्फटिकातून कोरून काढलेली ती झारी होती. पुढे तो व्यवहार रद्द झाला आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये लंडनला तीच झारी ३० लाख पौंडांहून जास्त किमतीला गेली. यादी करणाऱ्याला चकवलं ते एकोणिसाव्या शतकात फ्रान्समध्ये तिच्यावर चढवलेल्या मढवणीनं. त्यानं मढवणी वाचली, भांडं वाचलंच नाही.

लिलावघरातल्या माणसाचं हे झालं, तर आपलं काय! दोहा, शारजा, कुवेत, अबुधाबीला नोकरीनिमित्त राहणारी मराठी मंडळी सुट्टीच्या दिवशी तिथली संग्रहालयं बघतात, मुंबई-पुण्याचे प्रवासी कैरो-इस्तंबूलला जाऊन येतात, आणि फोटोंखाली लिहिलेल्या मजकुरात त्याच त्या चुका फिरत राहतात. काही मीही केल्या आहेत. यातल्या बहुतेकांचं मूळ एकच : आपण आधी पाटी वाचतो, मग भांड्याकडे बघतो. क्रम उलटा करून बघा.

काच की स्फटिक

‘नक्षी कोरलेली आहे, म्हणजे स्फटिक’ हा निकष चालत नाही. त्याच काळातले कारागीर जाड काचही चाकावर घासून तशीच उठावाची नक्षी काढत. काचेत मात्र बारीक बुडबुडे आणि ओघळल्यासारख्या रेघा सापडतात. स्फटिकात बुडबुडे नसतात. असतात ते निसर्गतः पडलेले तडे, धुरकट पापुद्रे. हातात घ्यायची संधी मिळाली तर स्फटिक काचेपेक्षा गार लागतो. व्हेनिसच्या सेंट मार्क चर्चच्या खजिन्यात अशीच एक झारी आहे आणि तिच्यावर खलिफा अल्-अझीझचं नावच कोरलेलं आहे. त्याची कारकीर्द ९७५ ते ९९६. म्हणजे तुलनेला पक्का आधार उपलब्ध आहे.

काचेवरचं इंद्रधनुष्य

जुन्या काचेच्या बाटलीवर मोरपिसासारखी रंगीत झळाळी दिसली की लोक म्हणतात, ‘काय रंगकाम केलंय!’ ते रंगकाम नव्हे, आजार आहे. काच शेकडो वर्षं ओल्या मातीत पडून राहिली की तिच्यातले क्षार पाण्यात विरघळून जातात, पृष्ठभागाचे कांद्याच्या सालीसारखे पापुद्रे सुटतात आणि त्यांच्यातून प्रकाश फुटून रंग दिसतात. घडवणाऱ्यानं ही बाटली हातावेगळी केली तेव्हा ती साधी हिरवट किंवा पांढरी असणार. हे पापुद्रे बोट लावलं तरी झडतात, म्हणून अशी काच पुसायला जाऊ नये.

खरं रंगकाम वेगळं. मामलूक सुलतानांच्या काळात, तेराव्या-चौदाव्या शतकात, सीरिया आणि इजिप्तमध्ये काचेवर सोन्याचा मुलामा आणि मीन्याची चित्रं करत. रंगीत काचेची पूड कालवून कुंचल्यानं लावायची आणि भट्टीत पुन्हा भाजायची. आच थोडी जास्त झाली तर मूळ भांडंच वितळून बसायचं, कमी पडली तर रंग धरायचा नाही. या कामाचा कळस म्हणजे मशिदीतले दिवे. पण ‘मशिदीचा दिवा’ हे नावही फसवं. तो दिवा नाही, दिव्याची हंडी आहे. आपल्याकडे वाड्यात किंवा देवळाच्या सभामंडपात काचेच्या हंड्या टांगलेल्या असतात, तशी. आत वेगळी लहान काचेची वाटी, तिच्यात खाली पाणी, वर तेल आणि वात. बाहेरच्या कड्यांना साखळ्या. गळ्यावर पुष्कळदा कुराणातलं ते वचन असतं (२४व्या सूरेतलं, म्हणजे अध्यायातलं, ३५वं), ज्यात परमेश्वराच्या प्रकाशाला काचेतल्या दिव्याची उपमा दिली आहे. आत दिवा लागला की अक्षरं उजळायची. संग्रहालयात बाहेरून झोत टाकलेला असतो, त्यामुळे आपण ती नेमकी उलट्या प्रकाशात बघतो.

आणखी एक खबरदारी. पॅरिसचा काचकारागीर फिलिप-जोझेफ ब्रोकार यानं १८६७च्या जागतिक प्रदर्शनात स्वतः बनवलेल्या अशाच हंड्या मांडल्या, आणि त्या अप्रतिम होत्या. त्यानं फसवायला बनवल्या नव्हत्या, कित्येकांवर स्वतःची सहीही केली. पण ‘मामलूक शैलीतली’ आणि ‘मामलूक’ यांत पाचशे वर्षांचं अंतर आहे. पाटीवर ‘शैली’ हा शब्द आहे का, तेवढं बघा.

‘चिनी माती’ म्हणून मोकळं होणं

आपल्या भाषेनंच ही सवय लावली. पांढरं, चकचकीत, भाजलेलं म्हणजे चिनी माती. पण नवव्या शतकात इराकमधल्या बसऱ्याच्या कुंभारांकडे चीनसारखी पांढरी माती नव्हती. चिनी पांढरी भांडी तिथे जहाजांनी येत आणि लोक त्यांवर लट्टू होते. मग बसऱ्याच्या कुंभारांनी साध्या पिवळसर मातीच्या भांड्यावर कथील मिसळलेला दुधाळ काचलेप चढवला. कल्हईवाला पितळेच्या आतून लावतो तेच कथील, फक्त इथे भस्माच्या रूपात. वर कोबाल्टची निळी नक्षी. म्हणजे ‘पांढऱ्यावर निळं ही चीनची देणगी’ हे विधानही अर्धंच खरं. चौदाव्या शतकात चीनमधल्या जिंगदेजेनच्या भट्ट्यांनी ती नक्षी शिखरावर नेली, तेव्हा निळा रंग इराणच्या बाजूनं तिकडे जात होता.

भांडं कशाचं आहे ते बुडाशी कळतं. पायाच्या कडीवर लेप पोचलेला नसतो. तिथे पिवळट किंवा तांबूस माती दिसली तर साधं मातीचं. पांढरं पण खरखरीत, जाडसर साखरेसारखं दिसलं तर ते गारगोटीचं. बाराव्या शतकापासून इराणात हे दुसरं मिश्रण आलं आणि त्याची कृती आपल्याला नेमकी माहीत आहे. तिथल्या काशान शहरातल्या प्रसिद्ध कुंभार घराण्यातला अबुल कासिम पुढे मंगोल दरबारात इतिहासकार झाला आणि १३०१मध्ये त्यानं घरची विद्या लिहून ठेवली : दहा भाग गारगोटीची पूड, एक भाग काचेची पूड, एक भाग पांढरी चिकणमाती. असं भांडं चाकावर धड उठत नाही, कारण मातीचा चिकटपणाच नाही. काशानची भांडी इतकी पातळ आणि तरी इतकी नेटकी कशी, हे कोडं मला त्यामुळेच जास्त आवडतं.

सोनं नसलेलं सोनं

काशानच्याच वाडग्यांवर जी सोनेरी-तपकिरी चमक दिसते, तिला सर्रास ‘सोन्याचा मुलामा’ म्हटलं जातं. तिच्यात सोनं नसतं. चांदी आणि तांब्याच्या क्षारांचं मिश्रण, आधीच भाजून झालेल्या लेपावर रंगवलेलं. मग भांडं दुसऱ्या भट्टीत, मंद आचेवर, धुरात. अबुल कासिम ७२ तास सांगतो. धुरामुळे हवा कोंडते, क्षारांतला प्राणवायू निघून जातो आणि धातूचे अतिसूक्ष्म कण लेपाच्या वरच्या थरात अडकून राहतात. भट्टीतून काढल्यावर ओल्या मातीनं घासलं की चमक वर येते. हे काम नवव्या शतकात इराकमध्ये मातीच्या भांड्यांवर सुरू झालं, मग फातिमी इजिप्तमध्ये, मग काशानला, पुढे स्पेनमध्ये मालागाला गेलं. मधल्या पल्ल्यांवर ते कसं गेलं यावर तज्ज्ञांचे वाद आहेत, पण कुंभारच हलले असावेत हे मला पटतं. अशी विद्या पोथीतून उचलता येत नाही.

ओळखायची युक्ती सोपी आहे. भांड्यासमोर डावीकडून उजवीकडे चाला. ही चमक कोनानुसार तांबूस, हिरवट, सोनेरी होत जाते. सोन्याचा वर्ख सगळीकडून सोनेरीच दिसतो. काचेच्या आजारातली झळाळी रेषांची पर्वा न करता पसरलेली असते. ही मात्र चित्राच्या आतच राहते.

काशानचाच दुसरा प्रकार म्हणजे बहुरंगी चित्रांची भांडी, घोडेस्वार, राजपुत्र, गोल चंद्रासारखे चेहरे. इथे एकच सावधगिरी : एकही तडा नसलेला चेहरा दिसला तर खूश होऊ नका. ही भांडी जमिनीतून तुकड्यांच्या रूपात निघाली आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या व्यापाऱ्यांनी दोन-तीन वाडग्यांचे तुकडे जोडून, उरलेलं रंगवून, ‘अखंड’ वाडगे विकले. बँकेत नोटा तपासायला वापरतात तो जांभळा दिवा फिरवला की नवा रंग वेगळा उठून दिसतो.

पितळेला ब्राँझ म्हणणं, आणि त्याला चिंच लावणं

जुन्या युरोपीय याद्यांत सगळं ‘ब्राँझ’. प्रत्यक्षात खुरासान (इराणच्या पूर्वेकडचा प्रदेश), इराकमधलं मोसुल, दमास्कस, कैरो इथली चांदी जडवलेली बहुतेक भांडी पितळेची आहेत, म्हणजे तांबं आणि जस्त. ब्राँझमध्ये जस्ताऐवजी कथील असतं. पिवळ्या भांड्यांत वाढलेल्या मराठी माणसानं तरी ही चूक करू नये.

चांदी जडवायला आधी खाच कोरायची, तिच्या कडा आतून पोखरायच्या, चांदीचा पत्रा त्यात ठोकून बसवायचा. शतकानुशतकं हाताळल्यावर आणि कधी चांदीसाठी मुद्दाम उचकटल्यावर जडाव निघून जातो आणि उरतात खाचा. मग लोक लिहितात, ‘साधं कोरीव पितळ’. खाचांच्या कडा खरवडलेल्या, काळ्या दिसल्या की समजा, इथे एकेकाळी चांदी होती.

मामलूक भांड्यांत चांदीच्या मधली जागा काळ्या डांबरी लुकणानं भरलेली असते, म्हणजे चांदी उठून दिसावी. घरात आजोबांनी बगदादहून किंवा बसऱ्याहून आणलेली अशी एखादी परात असेल, तर दिवाळीला तिला चिंच-मीठ लावू नका. काळं लुकण निघून जाईल, चांदी पातळ होईल. कोरडा मऊ फडका पुरे. ती बहुधा एकोणिसाव्या-विसाव्या शतकात दमास्कस किंवा कैरोत प्रवाशांसाठी बनवलेली असेल. अक्षरं अरबी वाटतात पण वाचताना काहीच अर्थ लागत नाही, ही त्यांची एक खूण.

बिदरीशीही गल्लत होते. बिदरचं भांडं काळं असतं कारण त्यात मुख्यतः जस्त असतं, तांबं थोडंसं. किल्ल्यातली माती आणि नवसागर यांच्या लेपानं जस्त काळं पडतं, चांदी पडत नाही. मोसुलच्या पितळेशी तिचं नातं जडावाच्या कल्पनेपुरतं आहे, धातूचं नाही.

नावांनी फसणं

आता माझा आवडता विषय. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात एक मोठं तस्त आहे, चांदी-सोन्यानं जडवलेलं, ‘सेंट लुईचं बाप्तिस्मा-पात्र’ या नावाचं. सेंट लुई, म्हणजे फ्रान्सचा राजा नववा लुई, १२७०मध्ये वारला. तस्त चौदाव्या शतकातलं आहे. त्यानं ते बघणंही शक्य नव्हतं. नंतरच्या फ्रेंच राजपुत्रांना त्यात बाप्तिस्मा मिळाला, १६०६मध्ये तेराव्या लुईला, हे खरं. पण ते घडवलं मामलूक राज्यात मुहम्मद इब्न अल्-झैन या कारागिरानं आणि त्यानं त्यावर तब्बल सहा ठिकाणी सही केली. एक सही तर चित्रातल्या सिंहासनावर. ज्या मालकासाठी बनवलं त्याचं नाव मात्र कुठेच नाही! आणि ज्यांना वाटतं की इस्लामी कलेत माणसं काढतच नसत, त्यांनी या तस्तावरचे सरदार, शिकारी, घोडे जरूर बघावेत. मशिदीतली वस्तू आणि दिवाणखान्यातली वस्तू यांचे नियम वेगळे होते.

‘अल्-मवसिली’ हे बिरूद दिसलं की ‘मोसुलला बनवलेलं’ लिहिण्याची घाई तशीच. मवसिली म्हणजे मोसुलकर. प्रत्येक सातारकर साताऱ्यातच राहतो का? हुसैन इब्न मुहम्मद अल्-मवसिलीनं १२५८-५९मध्ये एक झारी घडवली ती दमास्कसला. मोसुलला बनवल्याचं स्वतः सांगणारं पितळी भांडं एकच ज्ञात आहे : ब्रिटिश म्युझियममधली ब्लाकास झारी, शुजा इब्न मना यानं १२३२मध्ये केलेली.

सुलतानाचं नाव दिसलं म्हणजे भांडं सुलतानाचं, असंही नाही. ‘अल्-मलिकी अल्-नासिरी’ म्हणजे अल्-मलिक अल्-नासिरचा माणूस, त्याचा सरदार. आणि सरदारच कशाला : रशियातल्या हर्मिटाज संग्रहालयातली, अफगाणिस्तानातल्या हेरातची जगप्रसिद्ध बादली एका व्यापाऱ्याला भेट म्हणून बनवली होती. तिच्यावर ओतकाम करणारा आणि जडाव करणारा अशा दोघांची वेगवेगळी नावं आहेत.

त्या बादलीवर साल आहे हिजरी ५५९. इथे आपली नेहमीची चूक. शके असेल तर ७८ मिळवायचे, ही सवय हाताला असते, म्हणून लोक हिजरीत सरळ ६२२ मिळवतात आणि ११८१ काढतात. हिजरी वर्ष चांद्र, अधिक मास नाही, दर वर्षी सुमारे ११ दिवस मागे सरकतं. आकड्याला ०.९७ नं गुणा, मग ६२२ मिळवा. ५५९चे ११६४ येतात. बादलीवर मोहरम महिना लिहिला आहे, म्हणून प्रत्यक्षात डिसेंबर ११६३. मोडी कागदांतला सुहूर सन हा आणखी निराळा, त्यात ५९९ किंवा ६०० मिळवतात. तो हिशेब इथे आणू नका.

अरबी येत नाही म्हणून लेख सोडून देऊ नका. वाडग्यांच्या काठांवर, झाऱ्यांच्या पोटावर सगळ्यात जास्त वेळा येतात ते मालकासाठीचे शुभचिंतनाचे शब्द, आणि ते आपल्या घरातलेच आहेत : इज्जत, बरकत, दौलत, सलामत. पहिल्यांदा ‘बरकत’ शोधा. चार ठसठशीत अक्षरं, पहिल्याखाली एक टिंब आणि शेवटच्यावर दोन. जुन्या, कोनदार कूफी वळणाच्या अक्षरांत टिंबं गाळलेली असतात, तिथे मात्र एखाद्या वाचणाऱ्याला सोबत न्या.