पोल्लो आल्ला काच्चातोरा: या चुका टाळा

मध्य इटलीतला हा शिकारी पद्धतीचा चिकन रस्सा मोजक्या जिन्नसांवर उभा आहे, त्यामुळे त्यातली चूक मसाल्याखाली लपत नाही. चौघांसाठी हाडासकट लेगपीस १ किलो, ऑलिव्ह तेल ३ मोठे चमचे, कांदा, गाजर आणि सेलरीची दांडी प्रत्येकी एक, लसूण ३ पाकळ्या, वाइन १२० मिली, टोमॅटो ४०० ग्रॅम आणि रोझमेरीची एक काडी.

चिकनला रंग येत नाही. तुकडे ओले असतात किंवा भांड्यात दाटी होते. मग पाणी सुटतं आणि मांस भाजण्याऐवजी उकडतं. तुकडे कोरडे पुसा, दोन घाण्यांत प्रत्येक बाजू ४-५ मिनिटं परता. आपल्याकडे चिकन बहुधा बिनकातडीचं मिळतं, ते तळाला चिकटतं. ओढू नका, खालून तांबूस झालं की आपोआप सुटतं.

मांस चोथट लागतं. छातीचे तुकडे एवढा वेळ सोसत नाहीत. मांडी आणि तंगडीतलं कोलॅजन (मांस जोडून ठेवणारं चिवट प्रथिन) मात्र सावकाश विरघळतं आणि रस्सा दाट करतं. करी कट नको. खाटकाकडून लेगचे दोनच तुकडे करून घ्या. झाकण किंचित तिरकं ठेवून मंद आचेवर ४० ते ४५ मिनिटं. खळखळ उकळी आली की मांस आक्रसतं. कुकर तर नकोच, त्यात रस आटत नाही.

रस्सा आंबट, कच्चट लागतो. वाइन टोमॅटोबरोबर ओतली जाते, खरी गफलत इथेच. चिकन काढून त्याच तेलात कांदा, गाजर, सेलरी १० मिनिटं मऊ करा (टोमॅटोच्या आंबटपणात गाजर लवकर शिजत नाही), शेवटी लसूण. मग वाइन घालून तळाची खरपुडी खरवडा, ती निम्मी आटू द्या आणि त्यानंतरच टोमॅटो व चिकन. रस्सा पातळ राहिला तर शेवटची १० मिनिटं झाकण काढा. कॉर्नफ्लोअरने चव मरते.

खारट होतो. ऑलिव्ह किंवा केपर्स (मुरवलेल्या छोट्या फुलकळ्या) घालत असाल, तर ते मिठाच्या पाण्यातले असतात. धुऊन शेवटच्या १० मिनिटांत घाला, मीठ त्यानंतरच चाखून.

पोषणाचा हिशेब चुकतो. कातडीशिवाय माणशी साधारण ३० ग्रॅम प्रथिनं आणि ३५० ते ४०० कॅलरी पडतात. तेलाचा प्रत्येक जादा मोठा चमचा म्हणजे १२० कॅलरी. तरी तेल अगदीच काढू नका: टोमॅटोतलं लायकोपीन (त्याचं लाल रंगद्रव्य) स्निग्धांशाबरोबरच नीट शोषलं जातं. सोबतच्या पाव किंवा पोलेंताच्या (मक्याच्या रव्याची मऊ उकड) कॅलरी यात धरलेल्या नाहीत.

टोमॅटो चालत नसेल तर रोमकडची पद्धत धरा: टोमॅटोशिवाय, व्हिनेगर, लसूण, रोझमेरी आणि अँचोव्ही (खारवलेले छोटे मासे).