'थीफ' मालिकेतील आवडत्या लेव्हल्सची क्रमवारी कशी लावावी

अंधारात लपून चोरी करण्याच्या 'थीफ' या व्हिडिओ गेम मालिकेतील आवडत्या लेव्हल्सची यादी करायला बसलेला माणूस पहिल्या पाच मिनिटांत जी नावे लिहून मोकळा होतो, त्यांत लेव्हलपेक्षा ती पहिल्यांदा खेळली त्या रात्रीची आठवण अधिक असते. मी स्वतः अनेक वर्षे 'रॉबिंग द क्रेडल'ला डोळे झाकून पहिला क्रमांक देत असे आणि त्यावर वादही घालत असे. मधल्या सगळ्या काळात ती लेव्हल आपण पुन्हा एकदाही खेळलेलो नाही, हे ध्यानात आले तेव्हा ओशाळलो. त्यानंतर यादी नव्याने करताना जी पद्धत हळूहळू बसत गेली, ती येथे मांडतो. तिला वेळ लागतो, परंतु तिच्यातून निघालेला क्रम दुसऱ्या महिन्यात बदलत नाही.

सर्वप्रथम यादीची हद्द ठरवावी. लुकिंग ग्लास स्टुडिओजचा 'थीफ: द डार्क प्रोजेक्ट' १९९८ मध्ये आला, तीन नव्या मोहिमा (म्हणजे लेव्हल्स) घातलेली 'थीफ गोल्ड' ही त्याची वाढीव आवृत्ती १९९९ मध्ये निघाली, आणि 'थीफ २: द मेटल एज' २००० च्या मार्चमध्ये, म्हणजे कंपनी बंद पडण्याच्या जेमतेम दोन महिने आधी आला. प्रशिक्षणाची लेव्हल सोडली तर 'गोल्ड'मध्ये पंधरा आणि दुसऱ्या भागात पंधरा, अशा तीस मोहिमा होतात. आयन स्टॉर्मने २००४ मध्ये केलेला 'डेडली शॅडोज' याच यादीत घ्यावा की नाही, यावर मतभेद होऊ शकतात. त्यात चढायला दोरी सोडणारे दोरीचे बाण नाहीत, पोहणे नाही, आणि लेव्हलचे तुकडे पाडून मध्ये लोडिंगचे पडदे घातलेले आहेत. माझ्या मते तो घ्यावा, कारण गॅरेट हा नायक चोर तोच आहे आणि अंधारात उभे राहण्याचा खेळही तोच आहे. दोरीचा बाण नसल्याची शिक्षा मात्र प्रत्येक लेव्हलला वेगळी देत बसू नये. २०१४ मधील 'थीफ' ही नव्याने मांडलेली कथा असल्याने मी ती बाहेर ठेवतो. खेळाडूंनी बनवलेल्या मोहिमांची संख्या आणि दर्जा पाहता त्यांची यादी स्वतंत्रच असावी.

हद्द ठरली की सर्व लेव्हल्स एकाच अटींवर पुन्हा खेळाव्यात. एक्स्पर्ट ही सर्वांत अवघड पातळी यासाठी सर्वांत योग्य आहे, कारण तीत माणसांना मारण्यास मनाई असते आणि उद्दिष्टे वाढतात, त्यामुळे इमारतीचे सगळे कोपरे पाहावेच लागतात. तिचा एक तोटा आधीच सांगून ठेवतो. एक्स्पर्टवर ठरावीक किमतीचा ऐवज गोळा करण्याची अट असते, आणि शेवटच्या शंभर-दीडशे नाण्यांसाठी ओस पडलेल्या वाड्यात कपाटे उघडत फिरताना कोणतीही लेव्हल रटाळ वाटते. मुख्य उद्दिष्टे पुरी झाली की टिपणवही बंद करावी. त्यानंतर जो कंटाळा येतो तो लेव्हलच्या खात्यावर टाकू नये. मोहिमेपूर्वीच्या खरेदीलाही अशीच मर्यादा घालावी. पहिल्या दोन खेळांत उरलेले पैसे पुढच्या मोहिमेत जात नसल्याने सगळे उधळण्याचा मोह होतो, पण पिशवीत पहारेकऱ्यांना बेशुद्ध करणारे पाच वायुबाण असले की गुंतागुंतीचा दिवाणखानाही सोपा होऊन जातो आणि मग त्याची रचना दिसतच नाही.

सेव्ह करण्याचा प्रश्न याहून महत्त्वाचा आहे. दर दहा पावलांवर क्विकसेव्ह करणारा खेळाडू लेव्हलची परीक्षा घेऊच शकत नाही, कारण चुकीची किंमत शून्य झाली की अंधारात थांबण्याचे कारणच उरत नाही. एका लेव्हलला तीन सेव्ह, हा नियम मला मानवला आहे. पहिल्या दिवशी तो जाच वाटतो, आणि तिसऱ्या दिवशी आपण आजवर या लेव्हल्स किती घाईने पार केल्या होत्या ते कळते.

आता निकषाकडे येतो. ग्राफिक्स, कथा, वातावरण, अवघडपणा यांना दहापैकी गुण देऊन बेरीज करण्याची पद्धत मी दोनदा वापरली आणि दोन्ही वेळा जी लेव्हल पहिली आली ती मला फारशी आवडतही नव्हती. त्याऐवजी एकच प्रश्न विचारावा: या लेव्हलमध्ये थांबून राहणे कसे आहे? 'थीफ' खेळताना निम्म्याहून अधिक वेळ आपण काहीच करत नसतो. आपण किती उजेडात आहोत हे दाखवणारा, पडद्याच्या तळाशी असलेला लाइट जेम काळा पडलेला असतो, पाठ भिंतीला असते आणि पहारेकरी वळण्याची आपण वाट पाहत असतो. गालिचा आणि गवत पाऊल गिळतात, दगड बोलतो, गुळगुळीत फरशी आणि धातूची जाळी तर दवंडी पिटते. म्हणून पुढची चार पावले कोणत्या पृष्ठभागावर पडणार याचा हिशोब त्या थांबण्यातच होतो. जी लेव्हल या वेळात ऐकायला, पाहायला आणि ठरवायला भरपूर देते ती वर जावी, आणि जी नुसते पहारेकऱ्याच्या पाठीकडे बघत ताटकळत ठेवते ती खाली.

हा निकष कसा लावावा याचे उदाहरण म्हणून पहिलीच मोहीम, 'लॉर्ड बॅफर्ड्स मॅनर', घेऊ. मुख्य दरवाजाशी दोन पहारेकरी अस्वलांच्या झुंजीबद्दल बोलत असतात. एकजण चलतोस का म्हणून विचारतो आणि दुसरा आजकालच्या अस्वलांविषयी कुरकुर करतो. हे संभाषण विनोद म्हणून लक्षात राहते, पण सावलीत उभे राहून ते पुरे ऐकल्यास त्याचे काम कळते. ते चालू असेपर्यंत खेळाडू जागचा हलत नाही, आणि तेवढ्या वेळात दरवाजासमोरचा उजेड, त्या दोघांची जागा आणि आपल्याला समोरून आत शिरता येणार नाही ही गोष्ट, हे सगळे त्याच्या ध्यानात येते. मग तो स्वतःहून बाजूची वाट धरतो, विहिरीत उतरतो आणि पाण्यातून तळघरात निघतो. कोणी बोट धरून नेले नाही, तरी वाट सापडली. आत गेल्यावर तळघरातील दगड, वरच्या मजल्यावरील गालिचे आणि मधली फरशी यांची अदलाबदल अशी आहे की प्रत्येक दारापाशी क्षणभर थांबावेच लागते. लेव्हल लहान आहे, थोडी सरळही आहे. पण त्या थांबण्यातला एकही क्षण वाया जात नाही.

अशा नोंदी करताना तीन गोष्टी टिपून ठेवाव्यात. आपण कुठे सर्वांत जास्त वेळ थांबलो, त्या वेळात नवे काय कळले, आणि तिथून पुढे जाण्याच्या किती वाटा खरोखर मनात आल्या. यांपैकी तिसरी नोंद प्रामाणिकपणे करणे अवघड जाते. नकाशावर चार दारे असली तरी खेळताना एकच सुचले असेल तर एकच लिहावे. नोंद लेव्हल संपताच करावी. दुसऱ्या दिवशीपर्यंत स्मरणशक्ती तिला सजवू लागते.

'द सोर्ड' या मोहिमेबद्दल माझ्या टिपणांत सर्वांत अधिक मजकूर आहे. कॉन्स्टंटाइनच्या वाड्याचा तळमजला एखाद्या धनिकाच्या घरासारखा रीतसर आहे, पण वर जावे तसतसा वाडा बिघडत जातो: वाकडी होत जाणारी मार्गिका, छताला लटकलेले सामान, घरात उगवलेले रान. गॅरेटचा नकाशाही येथे अपुरा पडतो. येथे थांबण्याची जातच वेगळी आहे. पहारेकरी कुठे आहे हा प्रश्न मागे पडतो आणि आपण स्वतः नेमके कुठे उभे आहोत हे आठवण्यासाठी आपण थांबू लागतो. हा वाडा दहाव्यांदा खेळतानाही मी एका वळणावर हमखास चुकतो, आणि त्याचा राग येत नाही.

याउलट 'इनटू द मॉ ऑफ केऑस' ही पहिल्या खेळाची शेवटची मोहीम, किंवा 'गोल्ड'मधील 'द मेज टॉवर्स', यांच्या नोंदी दोन ओळींत आटोपल्या. जिथे उड्या आणि लाव्हा यांवर लक्ष द्यावे लागते तिथे सावलीला अर्थ राहत नाही.

सर्व नोंदी झाल्यावर प्रत्यक्ष क्रम लावावा. पहिल्या दोन खेळांतील तीस लेव्हल्सचीच प्रत्येकीशी तुलना करायची तरी ४३५ जोड्या होतात, आणि एवढा उत्साह कोणाकडेही नसतो. सोपा मार्ग असा: आधी कोणत्याही दोन लेव्हल्स घेऊन त्यांतली सरस कोणती ते ठरवावे. पुढची लेव्हल घेतली की तयार यादीच्या मध्यावर जी लेव्हल असेल तिच्याशी तिची तुलना करावी. सरस ठरली तर वरच्या अर्ध्याच्या मध्याशी, नाहीतर खालच्या अर्ध्याच्या मध्याशी. अशा रीतीने तिसावी लेव्हलसुद्धा जास्तीत जास्त पाच तुलनांत आपल्या जागी बसते. प्रत्येक तुलनेत प्रश्न एकच ठेवावा: आज रात्री या दोहोंपैकी कोणत्या लेव्हलच्या अंधारात मी उभा राहीन? उत्तर लगेच आले तर ते बहुधा बरोबर असते. फार घोळले तर दोन्ही टिपणे काढून वाचावीत, आणि तरीही निकाल लागला नाही तर दोघींना एकच क्रमांक द्यावा. त्याने आकाश कोसळत नाही.

काही लेव्हल्स या पद्धतीलाही थोडा त्रास देतात. 'थीफ २'मधील 'केसिंग द जॉइंट' आणि 'मास्क्स' या दोन मोहिमा एकाच वाड्यात घडतात. पहिलीत पाहणी, दुसरीत चोरी. त्यांना एकत्र मोजणे सोयीचे असले तरी चुकीचे आहे, कारण पाहणी करताना खेळाडू कुतूहलाने थांबतो आणि चोरी करताना ओळखीच्या जोरावर पळतो. माझ्या यादीत पहिली दुसरीपेक्षा सहा स्थाने वर आहे. 'एस्केप'सारख्या छोट्या लेव्हलला लांबीवरून खाली ढकलू नये. भुताखेतांच्या लेव्हल्सबाबत मात्र सावध असावे. भीतीने जागच्या जागी खिळणे हेही थांबणेच असते, पण ते लेव्हलच्या रचनेतून आले की नुसत्या आवाजातून, हे दुसऱ्या खेपेसच कळते. 'रिटर्न टू द कथीड्रल'मध्ये रिकाम्या सभागृहात हाँट या पिशाच्चांची कुजबुज ऐकू येते आणि ती कोणत्या दिशेने येते हे उमगेपर्यंत पाय उचलत नाही. हे दुसऱ्या खेपेसही तितकेच खरे ठरते. पुढे दार बंद होऊन ब्रदर म्युरसच्या भुताची कामे सुरू झाली की ती पकड सैल होते, म्हणून तिचे स्थान थोडे घसरते.

'डेडली शॅडोज'मधील 'रॉबिंग द क्रेडल'चे काय झाले तेही सांगायला हवे. अनाथालय आणि वेड्यांचे इस्पितळ अशा दोन्ही रूपांत वापरलेल्या त्या इमारतीच्या पहिल्या भागात कोणीही नसते. आपण सावल्या शोधतो, लाकडी जिना करकरताच थबकतो, आणि ज्याची वाट पाहतो तो येतच नाही. पहिल्या खेपेस याहून भेदक काही नाही. पण तिथे कोणी नाही हे एकदा माहीत झाल्यावर मी तोच जिना सरळ चालत चढलो, आणि टिपणात लिहायला काही उरले नाही. दुसऱ्या भागात रुग्ण जवळ येताना दिवे फडफडतात, त्या खुणेवरून मार्ग ठरवावा लागतो, आणि तेथे लेव्हल पुन्हा जिवंत होते. परिणामी ती पहिल्या क्रमांकावरून पाचव्यावर आली.

वरचे चार असे ठरले: 'द सोर्ड', मग 'लाइफ ऑफ द पार्टी', मग 'लॉर्ड बॅफर्ड्स मॅनर', चौथे 'रिटर्न टू द कथीड्रल'. पहिल्या दोघींचा निकाल लावण्यास सर्वाधिक वेळ लागला. 'थीफ २'मधील 'लाइफ ऑफ द पार्टी'मध्ये छतांवरून जाताना प्रत्येक खिडकीआड एक वेगळे घर आणि वेगळी भानगड आहे, आणि गच्चीच्या कठड्याआड बसून ती ऐकण्याचा मोह आवरत नाही. एवढाच भाग असता तर ती निःसंशय पहिली आली असती. परंतु एंजलवॉच मनोऱ्यात शिरल्यावर पायाखाली धातू येतो, खोल्या एकसारख्या होतात, आणि माझ्या वहीत तेथल्या पाऊण तासासमोर फक्त एवढेच लिहिलेले आहे: 'लिफ्टची वाट पाहिली.'