नाशकातल्या नाशकात घर बदलताय? या चुका टाळा

नाशिकरोडहून पाथर्डी फाट्याला किंवा सिडकोतून म्हसरूळला बिऱ्हाड हलवायचं ठरलं की घरात पहिलं वाक्य हेच येतं, "इथल्या इथे तर जायचंय." परगावी जाणारं कुटुंब महिनाभर आधी खोकी जमवतं, दाखले काढतं, याद्या करतं. गावातल्या गावात जाणारं कुटुंब आदल्या रात्री भांडी गोणपाटात भरायला बसतं. सामान तेवढंच असतं, कागदही जवळजवळ तेवढेच असतात. कमी असतं ते फक्त अंतर. पुढच्या बहुतेक चुका या एकाच समजुतीतून होतात.

घर फक्त रविवारी दुपारी बघणं

रविवारी दुपारी द्वारका चौक मोकळा असतो आणि मुंबई नाकाही मोकळा असतो. त्या वेळी नव्या घरापासून ऑफिस "वीस मिनिटांवर" वाटतं. खरी परीक्षा कामाच्या दिवशी सकाळी नऊ ते दहा आणि संध्याकाळी सहा ते आठ या वेळात होते. टोकन देण्याआधी स्वतःच्या गाडीवरून दोन्ही वेळा एकदा जाऊन या. अंबड किंवा सातपूर एमआयडीसीत नोकरी असेल तर शिफ्ट सुटायच्या वेळी जा. घरातलं कुणी सिटीलिंकने जाणार असेल तर बस आहे का एवढंच न विचारता थेट आहे की बदलावी लागते, आणि संध्याकाळी शेवटची किती वाजता, हेही विचारा. २०२७ च्या सिंहस्थापर्यंत शहरात रस्त्यांची कामं चालणार आहेत, त्यामुळे पर्यायी रस्ता कोणता तेही आत्ताच ठरवून ठेवा.

दुसरी गोष्ट पाणी. नाशिकला गंगापूर, मुकणे आणि दारणा धरणांतून पाणी येतं, आणि कोणत्या भागाला किती वाजता, किती दाबाने, हे भागागणिक बदलतं. जुन्या घरी सकाळी सहाला नळ येत होता म्हणून नव्या घरीही येईल असं नाही. ज्या वेळी पाणी येतं त्या वेळी घर बघा. सोसायटीच्या वॉचमनला आणि वरच्या मजल्यावरच्या एखाद्या कुटुंबाला तीन प्रश्न विचारा: टाकी दिवसातून किती वेळा भरते, एप्रिल-मे महिन्यांत टँकर लागतो का, आणि वापराच्या पाण्यात बोअरचं पाणी मिसळतं का. धरणाचं पाणी मुळात गोडं असतं. बोअरचं मिसळलं की गिझर, वॉशिंग मशीन आणि नळांच्या जाळ्यांवर पांढरा क्षार बसतो. पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण दाखवणारा साधा टीडीएस मीटर जवळ ठेवा. आकडा ५०० च्या खूप वर असेल तर आरओची मेंब्रेन (पाणी गाळणारा आतला पडदा) लवकर जाईल, हे गृहीत धरा. आकडा कमी असेल तर आरओची गरजच नाही, साधा यूव्ही फिल्टर पुरतो. विक्रेता हे सहसा सांगत नाही.

तारीख फक्त मुहूर्तावर ठरवणं

मुहूर्त बघू नका असं म्हणणं नाही. पण अक्षय्य तृतीयेला किंवा दसऱ्याला तुमच्यासारखी शेकडो बिऱ्हाडं हलत असतात. टेम्पोवाला एका दिवसात चार फेऱ्या घेतो आणि हमाल तुमचं सामान अर्ध्या वेळात उतरवून पुढच्या कामाला पळतात. फुटतं ते याच घाईत. साधा मार्ग असा: मुहूर्ताला कलश, देव आणि दूध उतू घालवण्याचं साहित्य घेऊन जा, पूजा करा, सामान त्यानंतरच्या मंगळवारी-बुधवारी हलवा. महिन्याची एक तारीख आणि रविवार टाळा.

शहराची दिनदर्शिकाही बघा. नवरात्रात कालिका यात्रेमुळे मुंबई नाक्याच्या परिसरात, तिसऱ्या श्रावणी सोमवारी त्र्यंबक रोडला आणि रंगपंचमीला जुन्या नाशकात सामानाची गाडी घालणं म्हणजे दिवस वाया. पंचवटीत जायचं किंवा पंचवटीतून निघायचं असेल आणि पाऊस जोरात असेल तर गंगापूर धरणातून विसर्ग सुरू आहे का ते सकाळीच बघा. गोदेला पाणी चढलं की खालचे पूल बंद होतात आणि बरीचशी वाहतूक होळकर पुलासारख्या उंच पुलांवर येते. मे महिन्यात हलवत असाल तरी दुपारनंतर वळीव येऊ शकतो. गाडीवर ताडपत्री हवीच, आणि ती कोण आणणार हे आधी ठरवा.

जमल्यास दोन्ही घरांच्या किल्ल्या चार-पाच दिवस एकत्र हातात ठेवा. तेवढ्या दिवसांचं जादा भाडं जड वाटतं, पण त्या दिवसांत रिकाम्या घरात प्लंबर, इलेक्ट्रिशियन आणि झुरळांची फवारणी उरकून घेता येते. सामान आल्यावर यातलं काहीच नीट होत नाही.

"छोट्या हत्तीच्या दोन खेपांत होईल"

होत नाही. छोट्या हत्तीची, म्हणजे टाटा एस टेम्पोची, वजन पेलायची क्षमता साधारण पाऊण टन आणि हौदा सुमारे सात फूट लांब असतो. वन रूम किचनला तो पुरतो. भरलेल्या टू बीएचकेला चौदा फुटी आयशर किंवा पिकअपच्या दोन नीट लावलेल्या खेपा धरा. लहान गाडीत जास्त खेपा झाल्या की प्रत्येक वस्तू चढवताना-उतरवताना ठेचकाळते, आणि शेवटच्या खेपेला अंधारात सुट्या वस्तू पिशव्यांतून जातात. हरवतात त्या याच: रिमोट, पडद्यांच्या कड्या, पलंगाचे नटबोल्ट.

भाडं ठरवताना फक्त "नाशिकरोड ते पाथर्डी किती?" असं विचारू नका. दोन्हीकडचे मजले, लिफ्ट आहे का, सामानाला लिफ्ट वापरू देतात का आणि किती वाजेपर्यंत, गाडी दारापर्यंत जाते की गल्लीच्या तोंडाशी थांबते, पलंग-कपाट उघडून परत जोडायचं आहे का, हे सगळं सांगा आणि ठरलेली रक्कम व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून घ्या. दारात झालेली भांडणं बहुतेक वेळा यातल्याच एखाद्या न बोललेल्या गोष्टीवरून होतात.

टेप घेऊन नव्या इमारतीची लिफ्ट, जिन्याचं वळण आणि बेडरूमचं दार मोजा. सहा फूट बाय साडेसहा फुटांची एकसंध गादी बहुतेक लिफ्टमध्ये मावत नाही, आणि कॉयरची गादी दुमडली की आतून तुटते. सातव्या मजल्यावर ती जिन्याने न्यावी लागणार, हे हमालांना आधी माहीत हवं. प्लायच्या ऐवजी पार्टिकल बोर्डचं कपाट असेल तर दोनदा विचार करा. त्याचे स्क्रू एकदा काढले की भोकं सैल होतात आणि पुन्हा तशी पकड येत नाही. मावत असेल तर ते न उघडताच न्या.

पुस्तकं मोठ्या खोक्यात भरू नका. एका माणसाला उचलता येईल एवढं, म्हणजे पंधरा किलोच्या आत खोकं ठेवा. काचेच्या ताटल्या आडव्या न रचता उभ्या ठेवा, आडव्या रचल्या की सगळा भार तळाच्या ताटलीवर येतो. नाव खोक्याच्या बाजूला लिहा. वर लिहिलेलं, खोकी एकावर एक आल्यावर दिसत नाही. लोणच्याच्या बरण्या, दागिने, मूळ कागदपत्रं आणि आजी-आजोबांची औषधं गाडीत द्यायची नाहीत. ती तुमच्याबरोबर.

यंत्रं तशीच उचलून नेणं

सगळ्यात महागाची चूक हीच.

फ्रिज आदल्या रात्री बंद करून, बर्फ वितळवून, आतून पुसून घ्या. गाडीत तो उभाच हवा, केबिनच्या भिंतीला टेकवून दोरीने बांधलेला, मध्ये गोधडी. आडवा नेला तर कॉम्प्रेसरमधलं तेल गॅसच्या नळ्यांत शिरतं. कसाही नेला तरी लगेच चालू करू नका: उभा नेला असेल तर दोन-तीन तास, आडवा झाला असेल तर किमान जेवढा वेळ आडवा होता तेवढा वेळ उभा राहू द्या. चालू केल्यावर थंड व्हायला काही तास लागतात. त्याआधी "गॅस गेला" असं म्हणणाऱ्या मेकॅनिकला पैसे देऊ नका.

फ्रंट लोड वॉशिंग मशीनचा ड्रम स्प्रिंगवर लटकलेला असतो. खरेदीच्या वेळी मागच्या बाजूने काढलेले लांब ट्रान्झिट बोल्ट परत बसवल्याशिवाय मशीन हलवलं तर खड्ड्यांत ड्रम आपटून स्प्रिंग, शॉक अ‍ॅब्सॉर्बर किंवा बेअरिंग जातं. बोल्ट हरवले असतील तर सर्व्हिस सेंटरमधून आधीच मागवा. नव्या घरी मशीन स्पिन करताना चालायला लागलं तर दोनच गोष्टी बघा: बोल्ट काढायचे राहिलेत का, आणि चारही पाय फरशीला टेकलेत का.

एसी काढताना तंत्रज्ञाने पंप डाउन केलंच पाहिजे. म्हणजे एसी चालू ठेवून बारीक नळीचा व्हॉल्व्ह बंद करायचा, गॅस बाहेरच्या युनिटमध्ये जमा होऊ द्यायचा, मग जाड नळीचा व्हॉल्व्ह बंद करून यंत्र थांबवायचं. घाईत नळी सरळ उघडली की सगळा गॅस हवेत जातो आणि नव्या घरी पूर्ण भरणा करावा लागतो. बसवताना व्हॅक्यूम पंप लावायला सांगा. तो न लावता गॅस सोडला तर नळीत राहिलेली हवा आणि ओल यांमुळे एसी थंड करत नाही. जुन्या घरची तांब्याची नळी कमी पडेल का, ते अंतर मोजून आधी बघा.

इन्व्हर्टरची मोठी ट्युब्युलर बॅटरी पन्नास-साठ किलोची आणि आत आम्ल. तारा काढण्याआधी जोडणीचा फोटो घ्या, टर्मिनलवर टेप लावा, दोघांनी उभीच उचला आणि कपड्यांच्या खोक्यांपासून लांब ठेवा.

लोखंडी कपाटाचं दार नव्या घरी लागेनासं झालं तर सुतार बोलावू नका. फरशीला उतार असतो. पुढच्या एका कोपऱ्याखाली पत्ती सरकवली की दार बसतं.

गॅस, वीज

सिलिंडर बंद गाडीत सामानाखाली दाबून नेऊ नका. रेग्युलेटर काढून, टोपी लावून, उभा न्या. रबरी सुरक्षा ट्यूबवर छापलेली तारीख बघा. पाच वर्षं झाली असतील तर हीच बदलायची वेळ. जोडल्यावर साबणाच्या पाण्याने सांधे तपासा, काडी लावून नाही. त्याच शहरात त्याच कंपनीच्या दुसऱ्या एजन्सीकडे जाताना सिलिंडर आणि रेग्युलेटर जमा करावे लागत नाहीत, नोंद तेवढी बदलून घ्यावी लागते. नव्या इमारतीत एमएनजीएलचा (महाराष्ट्र नॅचरल गॅस कंपनीचा) पाइप गॅस असेल तर जुनी शेगडी थेट जोडू नका. एलपीजीच्या जेटचं, म्हणजे बर्नरला गॅस सोडणाऱ्या तोटीचं, छिद्र बारीक असतं, पाइप गॅसला मोठं लागतं. कंपनीच्या तंत्रज्ञाकडून जेट बदलून घ्या, नाहीतर ज्योत अगदीच मंद येते.

नव्या घराचा महावितरणचा बारा अंकी ग्राहक क्रमांक घ्या आणि अ‍ॅपवर थकबाकी तपासा. आधीच्या माणसाने बुडवलेलं बिल त्या जागेवरच राहतं. "ते आमचं नाही" म्हणून वीज तुटायची थांबत नाही. बिलावरचा मंजूर भारही वाचा. दोन किलोवॅटचा गिझर आणि दीड टनी एसी एकत्र चालणार असतील तर एक किलोवॅटचा भार पुरणार नाही. एसीसाठी शक्यतो स्वतंत्र चार चौरस मिलिमीटरची वायर आणि २० अँपिअरचा एमसीबी (भार जास्त झाला की आपोआप पडणारा खटका) हवा. जुन्या घरांत एमसीबी सारखा पडत असेल तर मोठा एमसीबी टाकू नका. तो पडतोय म्हणूनच भिंतीतली वायर वाचतेय.

शाळेचा विचार शेवटी करणं

राज्य मंडळाच्या शाळा जूनच्या मध्यावर सुरू होतात, सीबीएसईच्या एप्रिलमध्ये. म्हणजे एका घरात दोन्ही मंडळांची मुलं असतील तर "मे महिन्यात हलू" हे दोघांनाही सारखंच सोयीचं नसतं. वार्षिक परीक्षा संपताच जुन्या शाळेकडे दाखल्यासाठी लेखी अर्ज द्या. फी आणि ग्रंथालयाची पुस्तकं आधी चुकती करा. दाखल्यावरचं नाव, जन्मतारीख आणि आधारवरची नोंद अक्षरशः जुळतात का ते तिथेच तपासा, कारण विद्यार्थ्याची ऑनलाइन नोंद एका शाळेतून दुसरीत जाताना फरक निघाला तर तो सोडवायला पुन्हा जुन्याच शाळेत जावं लागतं. आठवीपर्यंतच्या मुलाला सरकारी, महापालिकेच्या किंवा अनुदानित शाळेत फक्त दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, असं शिक्षण हक्क कायदा, २००९ सांगतो. याच कायद्यातल्या पंचवीस टक्के राखीव जागेवरचा मोफत प्रवेश मात्र मुलाबरोबर नव्या खासगी शाळेत आपोआप जात नाही. घर निश्चित करण्याआधी हे नीट तोलून बघा.

मूल दहावीत जाणार असेल तर शक्य तितकं थांबा. परीक्षेचा अर्ज, अंतर्गत गुण, सगळं शाळेमार्फत असतं. थांबणं शक्यच नसेल तर शाळा तीच ठेवा आणि वर्षभर ने-आण कोण करणार हे ठरवा. पण सहा-सात वर्षांच्या मुलाला द्वारकेवरून रोज दोनदा व्हॅनमध्ये पाठवणं टाळलेलं बरं. तासभर आधी उठून तासभर उशिरा येणारं मूल पहिल्या महिन्यातच आजारी पडू शकतं.

कागद

भाड्याने जात असाल तर करार नोंदणीकृतच करा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ प्रमाणे नोंदणी ही घरमालकाची जबाबदारी आहे, पण गरज तुमची असते: आधार, बँक, गॅस, सगळीकडे हाच पत्त्याचा पुरावा चालतो. साध्या स्टॅम्प पेपरवर नोटरी केलेला करार अनेक ठिकाणी परत येतो. महापालिका हद्दीत नोंदणी शुल्क १,००० रुपये, आणि मुद्रांक शुल्क एकूण भाड्याच्या ०.२५ टक्के, त्यात परत मिळणाऱ्या अनामतीवर दहा टक्के व्याज धरलं जातं. पोलिसांना भाडेकरूची माहिती दिली आहे ना, तेही मालकाला विचारा. विकत घेतलेल्या घरात जात असाल तर विभागीय कार्यालयातून घरपट्टी आणि पाणीपट्टीची बाकी तपासून घ्या.

आधारवरचा पत्ता आधी बदला, बाकीचे कागद त्यावर उभे आहेत. गाडीचा नंबर एमएच १५ च राहणार म्हणून आरसी पुस्तकावरचा पत्ता सोडून देऊ नका. तीस दिवसांत फॉर्म ३३ भरून कळवावं लागतं. मतदार यादीसाठी फॉर्म ८. शहर तेच असलं तरी विधानसभा मतदारसंघ बदललेला असू शकतो.

जुनं घर अर्धवट सोडणं

सामान गेल्यावर रिकाम्या घराचा व्हिडिओ काढा: भिंती, नळ, फरशी, माळा. वीज मीटरच्या आकड्याचा फोटो तारखेसह मालकाला पाठवा, पुढचं बिल तुमच्या दिवसांपुरतंच वळतं करायला तो लागतो. अनामत परत देण्याची तारीख आणि कापायची रक्कम किल्ली देतानाच लिहून घ्या. दूध, पेपर, केबल, इंटरनेट यांचे हिशेब मिटवा. इंटरनेटवाल्याचा राउटर त्याला परत द्यायचा असेल तर पावती घ्या. आणि शेजाऱ्यांकडे फोन नंबर ठेवून या, कारण बँकेची पाकिटं आणि कुरिअर पुढचे दोन-तीन महिने जुन्याच दारात येत राहतात.