किसानचा हप्ता अडकला? आधी आधार कोणत्या बँकेला जोडलंय ते बघा

लॉकडाऊनमध्ये, एप्रिल 2020 ला, केंद्रानं पीएम किसानचा दोन हजारांचा हप्ता आगाऊ सोडला होता. बाजार समित्या विस्कळीत, हातात रोख नाही, अशा वेळी ज्यांचं आधार किंवा खातं जुळत नव्हतं ते नेमके कोरडे राहिले. आजही पैसे अडकतात ते बहुतेक त्याच कारणांनी. आणि नुकसान दुहेरी होतं: केंद्राचे वर्षाला 6,000 रुपये आणि 2023 पासून राज्याच्या नमो शेतकरी महासन्मान निधीचे तेवढेच, दोन्ही एकाच नोंदीवर चालतात.

तहसीलला चकरा मारण्याआधी पीएम किसानच्या पोर्टलवर ‘नो युवर स्टेटस’ उघडा. नोंदणी क्रमांक हरवला असेल तर तो मोबाईल किंवा आधार क्रमांकावरून तिथंच निघतो. पानावर तीन गोष्टी बघायच्या: ई-केवायसी (ओळखीची ऑनलाइन पडताळणी), लँड सीडिंग (जमिनीची नोंद योजनेला जोडणं) आणि आधार-बँक सीडिंग (सरकारी पैशांसाठी आधार बँकेला जोडणं). जिथं ‘नो’ असेल तेवढंच काम करायचं. त्या पानाची प्रिंट सोबत ठेवा, म्हणजे कुणी एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर पाठवणार नाही.

सगळ्यात जास्त घोळ बँकेचा. पासबुकावर आधार नंबर छापलेला असला म्हणजे काम झालं, असं नाही. हप्ता खाते क्रमांकावर नाही, आधारवर येतो. आधार ज्या बँकेला शेवटचं सीड झालं, तिथंच पैसे जातात. जिल्हा बँकेत खातं, मग ग्रामीण बँकेत पीककर्ज, मधेच कुणीतरी शून्य रकमेचं खातं काढून दिलेलं, असं असेल तर पैसे त्या विसरलेल्या खात्यात पडलेले असू शकतात. ‘माय आधार’वर ओटीपीनं शिरून ‘बँक सीडिंग स्टेटस’ बघा, बँकेचं नाव दिसेल. बदलायचं असेल तर हव्या त्या बँकेत जाऊन ‘डीबीटीसाठी आधार सीडिंग’चा, म्हणजे सरकारी पैसे थेट खात्यात येण्यासाठीचा, फॉर्म भरा, नुसतं ‘आधार लिंक करा’ म्हणू नका, ते काम वेगळं आहे. बँक ताटकळवत असेल तर पोस्टमनकडून पोस्ट पेमेंट्स बँकेचं खातं काढून तिथं सीडिंग करून घेता येतं.

ई-केवायसी ओटीपीनं घरीच होते, पण मोबाईल आधारला जोडलेला लागतो. ऊसतोडीच्या, मातीच्या कामानं अंगठे झिजलेले असले की सेवा केंद्रावरचं मशीन ठसा घेत नाही. तिथं तासभर अंगठा घासत बसू नका. पीएम किसानच्या मोबाईल ॲपवर चेहरा दाखवून केवायसी होते. टोळीसोबत कारखान्यावर असलेल्यांचंही तिथूनच करता येतं.

लँड सीडिंग ‘नो’ असेल तर डिजिटल सातबारा, आठ अ, फेरफार आणि आधार घेऊन तालुका कृषी कार्यालयात अर्ज द्या. जमीन 1 फेब्रुवारी 2019 पूर्वी नावावर झालेली लागते, म्हणून फेरफार महत्त्वाचा. त्यानंतर खरेदी केली असेल तर पात्रता नाही. वडील वारल्यावर वारसानं आली असेल तर आहे, मात्र आधी तलाठ्याकडं वारस नोंद मंजूर करून घ्या. नवरा-बायको दोघांच्या नावे शेती असली तरी हप्ता कुटुंबात एकालाच मिळतो. दोघांची नोंदणी केली की चौकशी लागते आणि वसुलीची नोटीस येते.

फार्मर आयडी, म्हणजे शेतकऱ्याचा ओळख क्रमांक, नसेल तर तोही काढा. राज्यात कृषी योजनांसाठी तो एप्रिल 2025 पासून बंधनकारक आहे. शेती दोन गावांत असेल तर दोन्हीकडचे गट त्यात जोडलेत का, हे सेवा केंद्रावरून उठण्याआधी तपासा. सातबाऱ्यावर ‘ज्ञानोबा’ आणि आधारवर ‘ज्ञानेश्वर’ असला की नोंद अडते. अशा वेळी आधी एका ठिकाणचं नाव दुरुस्त करा, मग अर्ज करा.

अतिवृष्टीचं अनुदान जमा झालं आणि बँकेनं कर्जापोटी होल्ड लावला, म्हणजे पैसे अडवून ठेवले, तर शाखेला लेखी अर्ज द्या. मदतीच्या शासन निर्णयांत ही रक्कम कर्जात वळवू नये अशी सूचना असते. त्याची प्रत अर्जाला जोडा आणि एक प्रत जिल्ह्याच्या अग्रणी बँक (लीड बँक) व्यवस्थापकाकडं द्या. प्रत्येक अर्जाच्या आपल्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.