करिअर समुपदेशन कामावर राहून शिकताय? या चुका टाळा

एनसीईआरटीच्या मार्गदर्शन व समुपदेशन पदविकेत वर्षातले तीन महिने इंटर्नशिपचे असतात. बरेच जण मात्र थेट एखाद्या समुपदेशन केंद्रात ट्रेनी म्हणून लागतात. वाट कुठलीही धरा, अडखळण्याच्या जागा त्याच.

केंद्रात हजर असणं म्हणजे शिकणं, असं समजू नका

ही सगळ्यात महागात पडणारी चूक. दहावीचा निकाल लागला की गर्दी उसळते. ट्रेनीला फोन घेणं, फॉर्म भरून घेणं, टेस्टचे कागद गोळा करणं याला जुंपतात आणि बघता बघता हंगाम संपतो. म्हणून रुजू होतानाच लेखी ठरवून घ्या: आठवड्याला किती सत्रांना बसायचं, स्वतः सत्र कधीपासून घ्यायचं आणि त्यावर चर्चा कोण करणार.

वरिष्ठांना वेळच नसतो, ही तक्रार खरी आहे. "मला शिकवा" असं म्हणत मागे लागून उपयोग होत नाही. एक केस घ्या, मुलाचं नाव वगळा आणि एका पानावर तीनच गोष्टी लिहा: तो काय म्हणाला (त्याच्याच शब्दांत), मी काय विचारलं, कुठे अडले. असं पान समोर ठेवलं की पंधरा मिनिटं मिळतात. ही पंधरा मिनिटं मिळाली नाहीत, तर तिथे तुम्ही नोकरी करताय, शिकत नाही.

आईचं उत्तर मुलीचं म्हणून लिहू नका

"तुला काय आवडतं?" असं मुलीला विचारलं की आई सांगते, "तिला बायोच आवडतं." नवखी ट्रेनी लगेच नीटची माहिती द्यायला लागते. तिथेच थांबायचं. "काकू, तुमचंही ऐकायचंय मला. आधी दहा मिनिटं हिच्याशी एकटीशी बोलते." मग आवडीनिवडी विचारण्यापेक्षा विचारा, "गेल्या आठवड्यात कुणी न सांगता कुठलं पुस्तक उघडलंस?" यावर मुली खरं बोलतात. आईवडिलांना खलनायक ठरवणं हीही चूकच. फी, होस्टेल, लहान भावंडाचं शिक्षण हे हिशेब त्यांच्या डोक्यात असतात आणि निर्णयात ते धरावेच लागतात.

कल चाचणीचा अहवाल कुंडलीसारखा वाचू नका

मराठी माध्यमातल्या मुलाने इंग्रजी चाचणी सोडवली आणि भाषिक क्षमतेत कमी गुण पडले, तर त्यातून त्याचं इंग्रजी कळतं, बुद्धी नव्हे. चाचणी कुठल्या भाषेत झाली आणि तुलना कुठल्या गटाशी केली आहे, हे आधी बघा. अहवाल आणि मुलाचं बोलणं जुळत नसेल, तर पुन्हा बोला. अहवालाची बाजू घेऊ नका.

जुनी माहिती ठामपणे सांगू नका

अकरावीचे केंद्रीय ऑनलाइन प्रवेश आधी ठरावीक महापालिका क्षेत्रांपुरते होते. २०२५-२६ पासून ते राज्यभर लागू झाले. व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी कुटुंबांतल्या मुलींना २०२४-२५ पासून शिक्षण आणि परीक्षा शुल्क माफ आहे, पण प्रवेश कॅपमधून (सरकारच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून) हवा. व्यवस्थापन कोट्यातून घेतला, तर माफी नाही. हे एक वाक्य सांगायचं राहिलं, तर त्या घराला चार वर्षांची फी भरावी लागते. जात वैधता आणि नॉन-क्रिमीलेअरचे कागदही पहिल्याच भेटीत विचारा. वहीत प्रत्येक माहितीपुढे तारीख आणि कुठून मिळाली ते लिहायची सवय लावा.

कमिशनच्या जागा खपवू नका

काही केंद्रांना खासगी महाविद्यालयांकडून प्रत्येक प्रवेशामागे पैसे मिळतात. ट्रेनीला ठरावीक नावं "सुचवायला" सांगितलं जातं. स्पष्ट नकार द्या आणि दुसरं केंद्र शोधा. तिथे लागलेली सवय पुढे सुटत नाही.

प्रत्येक अडचण करिअरचीच असते, असं धरू नका

मूल झोपत नाही, जेवत नाही, जगण्याबद्दल निराशेने बोलतं, असं दिसलं तर शाखा निवडीचं बोलणं बाजूला ठेवा. त्याच दिवशी वरिष्ठांना सांगा, पालकांना विश्वासात घ्या, मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो आणि त्यावर मराठीतही बोलता येतं. तो टेबलावर, मुलांना दिसेल असा लावून ठेवा.