वाईचा घाट जलरंगात कसा रंगवावा

घाटावर सकाळी आठ-साडेआठला पोहोचा. तेव्हा ऊन तिरपं असतं, पायऱ्यांच्या कडा उजळतात, सावल्या लांब पडतात. दुपारी बारानंतर सगळं सपाट दिसतं, मग खुशाल मिसळ खायला जा.

सामान मोजकं घ्या. ३०० जीएसएमचा, म्हणजे जाडसर कागद, ११ बाय १५ इंचांचा पुरे. रंगांत अल्ट्रामरीन ब्लू, बर्न्ट सिएना, यलो ऑकर आणि एखादा लाल. काळी ट्यूब घरीच ठेवा. घाटाचा बेसाल्ट काळा असला तरी निळा आणि सिएना मिसळून येणारा राखाडी त्याला जास्त शोभतो.

आधी तळहाताएवढं कच्चं रेखाटन करा आणि त्यात उजेड, मधला टोन, गडद एवढंच ठरवा. ढोल्या गणपतीच्या देवळाची मागची भिंत पुराचं पाणी दुभंगावं म्हणून माशासारखी निमुळती बांधली आहे. चित्रकाराची त्यात सोय होते, कारण ऊन बाजूने आलं की तिची एक बाजू उजेडात आणि दुसरी सावलीत. पायऱ्या मोजून काढू नका, चार-पाच कडा पुरतात.

पहिला वॉश, म्हणजे पाणीदार रंगाचा पातळ थर, आकाशापासून नदीपर्यंत एकसलग, बोर्ड थोडा तिरका धरून. उन्हातल्या पायऱ्या आणि वाळत घातलेली धोतरं यांसाठी कागद कोरा सोडा. नंतर पांढरा रंग थापून ती चमक येत नाही. मग थांबा. हाताची मागची बाजू कागदाला लावून बघा, गार लागला तर अजून ओलाच आहे.

दुसऱ्या फेरीत फक्त सावल्या. भिंतीची सावली पायऱ्यांवरून थेट पाण्यात उतरू द्या, मध्ये तोडू नका. पाण्यातलं गडद प्रतिबिंब मूळ वस्तूपेक्षा किंचित फिकं ठेवा.

माणसं शेवटी. सपाट बाजारात उभ्या माणसांची डोकी एका रेषेत येतात, घाटावर तो नियम चालत नाही. जो जितका खालच्या पायरीवर, तितकं त्याचं डोकं खाली. धुणं धुणाऱ्या बाईला पाठीची कमान, खोचलेला पदर आणि पायाशी चिकटलेली सावली एवढंच द्या. नाक-डोळे काढायला गेलात की ती बाहुली होते.

आणि मोटारसायकली, विजेच्या तारा, प्लास्टिकच्या बादल्या वगळून पेशवाईतली वाई रंगवायचा मोह टाळा. निळी बादली काढाच, तीही सर्वांत गडद सावलीला लागून, न मिसळलेल्या निळ्याने.